महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी: पीसी गेमिंगच्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

गेमिंगसाठी पीसी घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो: "कार्ड कुठलं टाकू?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० जानेवारी २०२५ मध्ये आलं, तेव्हा भारतातली त्याची अधिकृत किंमत २ लाख १४ हजार रुपये होती. दुसरीकडे निन्टेन्डोचा स्विच बघा. आत २०१५ सालच्या पिढीची टेग्रा एक्स१ चिप, तरी जगभरात १५ कोटींच्या वर विकला गेला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आधी आला तो या स्विचवरच. लोक गेममध्ये रमतात ते कार्डाच्या किमतीमुळे नाही.

पण "कार्ड लागतच नाही" हेही खरं नाही. काही गेम ठरावीक कार्डाशिवाय उघडतसुद्धा नाहीत. तुमच्या बाबतीत ही रेषा कुठे पडते ते मोजून काढता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहून जुना लॅपटॉप वापरणारा विद्यार्थी असो की पहिल्या पगारातून पीसी जोडणारा खराडीतला नोकरदार, पायऱ्या दोघांनाही त्याच.

पहिली पायरी: खेळायचं काय, ते लिहून काढा

पुढच्या वर्षभरात खरोखर खेळणार आहात असे पाच-सहा गेम कागदावर लिहा. यूट्यूबवर बघायला आवडणारे गेम या यादीत नकोत, स्वतः खेळणार तेवढेच. मग स्टीम किंवा एपिक या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांच्या पानावर प्रत्येकाची 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' अशी दोन्ही माहिती वाचा. 'मिनिमम' म्हणजे बहुतेक वेळा कमी रिझोल्यूशन, सगळ्या सेटिंग खाली आणि सेकंदाला ३० च्या आसपास फ्रेम, म्हणजे पडद्यावर उमटणारी चित्रं. त्या यंत्रावर गेम चालेल, एवढाच त्याचा अर्थ.

यादीतले गेम साधारण तीन गटांत पडतात.

पहिला गट हलक्या गेमचा. स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट, सेलेस्ट, हेडीस, शेडर (प्रकाश-सावल्या सुधारणारी जोड) न टाकलेला माइनक्राफ्ट. यांना वेगळं कार्ड लागत नाही, गेल्या काही वर्षांतल्या प्रोसेसरमधलं ऑनबोर्ड ग्राफिक्स पुरतं. व्हॅलोरंटही इथेच येतो. रायट गेम्सने दिलेले आकडे असे: ३० फ्रेमसाठी इंटेल एचडी ४०००, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, ६० साठी जीटी ७३०, १४४ च्या वर जायला जीटीएक्स १०५० टीआय. व्हॅलोरंटमध्ये नवख्यांची अडचण बहुधा वेगळीच असते. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. गेम 'व्हॅन ९००३' दाखवून बंद पडत असेल तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद आहे. कार्ड बदलून हा प्रश्न सुटणार नाही. काउंटर-स्ट्राइक २ मात्र या गटात धरू नका. २०२३ मध्ये त्याने जुन्या सीएस:गोची जागा घेतली आणि तो प्रोसेसरवर बराच जास्त भार टाकतो.

दुसरा गट मोठ्या पण जुन्या गेमचा. जीटीए ५ आणि विचर ३ पीसीवर २०१५ मध्ये आले. ४ जीबीचं साधं कार्ड असलं तरी यांत छान रमता येतं. मात्र दोघांच्याही नव्या, जड आवृत्त्या आल्या आहेत. मार्च २०२५ पासून जीटीए ५ ची 'एनहान्स्ड' आवृत्ती मिळते. जुन्या यंत्रावर 'लेगसी' उतरवा. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर विचर ३ सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारतो. साध्या कार्डावर ११ निवडा. एवढ्यानेच फ्रेम सुधारतात.

तिसरा गट लहान आहे, पण खरा खर्च त्यानेच ठरतो. डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करण्याची खास सोय, असलेलं कार्डच लागतं. एके काळचं सर्वांत दणकट जीटीएक्स १०८० टीआयही इथे निरुपयोगी. तरीही दोन्ही गेमची किमान अट आहे आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६००, म्हणजे मधल्या किमतीची कार्डं. सर्वांत हट्टी गेमसुद्धा दोन लाखांचं कार्ड मागत नाहीत, हे लक्षात ठेवून पुढे चला.

यादीतल्या एखाद्या गेमबद्दल शंका असेल तर सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे तो आहे त्या यंत्रावर लावून बघणं. खरेदीपासून १४ दिवसांत आणि एकूण खेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर स्टीम पैसे परत देतं. एपिकचा नियमही तसाच आहे. गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात जाणारा वेळही या दोन तासांत मोजला जातो, म्हणून तेव्हा जेवायला उठू नका. एपिकवर दर गुरुवारी रात्री एखादा गेम फुकट मिळतो, तेही मोजमापाला उपयोगी.

दुसरी पायरी: आहे त्या यंत्राची नोंद

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला की 'परफॉर्मन्स'मध्ये जा आणि या गोष्टी वहीत उतरवा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, तिचा वेग किती आणि किती स्लॉटपैकी किती भरलेत, गेम ज्या ड्राइव्हवर आहे तो एसएसडी की हार्ड डिस्क, ग्राफिक्सचं नाव आणि त्याची स्वतःची मेमरी किती.

स्लॉटची नोंद फार महत्त्वाची आहे. ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतं. डीडीआर४ ३२०० ची एकच स्टिक असेल तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, दोन स्टिक असतील तर ५१.२ जीबी. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सचं तर नावच यावर ठरतं. एका स्टिकवर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये नुसतं 'यूएचडी' म्हणून दिसतं. तुमच्या लॅपटॉपच्या खोक्यावर आयरिस एक्सई लिहिलंय आणि टास्क मॅनेजर यूएचडी दाखवतोय, तर तुमचा इलाज इथेच सापडला.

मॉनिटरही नोंदवा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो कित्येक महिने ६० वरच चालवणारे पुष्कळ आहेत, कारण हे एकदा हाताने बदलावं लागतं. डेस्कटॉपमध्ये कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, तेही मागे वाकून बघा. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली तर कार्डाला वळसा पडतो आणि सगळा खेळ ऑनबोर्डवर चालतो.

तिसरी पायरी: अडतंय कुठे, ते मोजा

पैसे वाचवणारी पायरी ही. खेळताना यंत्राचे आकडे दाखवणारे एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत. नकली संकेतस्थळं बरीच असल्यामुळे ते अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा. सेटिंगमधल्या 'मॉनिटरिंग'मध्ये जाऊन ग्राफिक्सचा वापर, त्याचं तापमान, व्हिडिओ मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, प्रोसेसरचं तापमान, रॅम, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) एवढ्यांना 'ओएसडी'ची खूण करा. हे आकडे आता खेळताना कोपऱ्यात दिसतील. पाच मिनिटं खेळून निष्कर्ष काढू नका, निदान अर्धा तास खेळा. उष्णतेचे प्रश्न पंधरा-वीस मिनिटांनंतरच डोकं वर काढतात.

ग्राफिक्सचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के आणि तरी फ्रेम कमी, असं असेल तर कार्डच कमी पडतंय. वापर ५० ते ७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि फ्रेमही कमी, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर किंवा रॅम त्याला काम पुरवू शकत नाही. इथे प्रोसेसरचा एकूण वापर बघून फसू नका. एकूण ४० टक्के दिसत असताना एक कोअर पूर्ण भरलेला असू शकतो आणि गेम त्याच कोअरवर अडतो. सुरुवातीला ६० फ्रेम आणि वीस मिनिटांनी ३५, प्रोसेसर ९५ अंशांवर आणि त्याचा वेग उतरलेला, तर दोष उष्णतेचा. सरासरी चांगली पण मध्येच गचके बसतात, तर रॅम भरली असेल किंवा गेम हार्ड डिस्कवर असेल. व्हिडिओ मेमरी काठोकाठ भरली असेल तर टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांच्या बारकाव्याची सेटिंग जास्त आहे.

आणि फ्रेम १०० च्या वर असूनही समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा दिसतो, तेव्हा दोष नेटचा आहे. हॉस्टेल आणि पीजीच्या इमारतीत एकेका मजल्यावर दहा-दहा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत मिसळत असतात. ५ गिगाहर्ट्झवर जा. शक्य असेल तर राउटरपासून लॅनची केबल ओढा. 'लॅग होतोय' म्हणून कार्ड बदलणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना खरी गरज होती ती या केबलची.

आता खात्रीची चाचणी. रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा. पहिल्यात दर फ्रेमला २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९.२ लाख. काम निम्म्याहून कमी झालं की फ्रेम सरळ वर गेल्या तर कार्डाचाच प्रश्न होता. ४५ च्या ४८ झाल्या, तर दुप्पट ताकदीचं कार्ड टाकूनही ४८ च्या फारशा पुढे जाणार नाही. कार्डाची चौकशी करायला दुकानात जाण्याआधी हा एक आकडा हातात असायलाच हवा.

चौथी पायरी: फुकटात होण्यासारखं सगळं आधी

लॅपटॉप चार्जरवर लावूनच खेळा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्सची वीज कमी करतात. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स' उघडा आणि त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' द्या. ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या पानावरून घ्या.

डेस्कटॉपवर बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघा. ३२०० ची रॅम घेतलेली असते आणि ती २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते, कारण असेंबल करून देणाऱ्याने ही सेटिंग उघडलेलीच नसते. रायझनच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला बायॉसमधून २ जीबी मेमरी राखून ठेवता येते. पण एकूण रॅम ८ जीबीच असेल तर विंडोजला ६ उरतात आणि गचके वाढतात. म्हणून हे १६ जीबीवरच करा.

मग गेमच्या आतल्या सेटिंग. सगळं एकदम 'लो' करून टाकणं ही नवख्यांची नेहमीची सवय, आणि त्याने गेम उगाच कुरूप होतो. क्रम असा ठेवा. रे ट्रेसिंग बंद. मग सावल्या 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'. मग व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि ढग, मग रिफ्लेक्शन, मग ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतल्या बारीक सावल्या). कडा गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगमध्ये जड एमएसएए असेल तर बंद करून हलकं टीएए लावा. बराचसा भार इथेच उतरतो आणि चालू खेळात फरक फारसा जाणवत नाही. टेक्स्चर मात्र लगेच खाली आणू नका. मेमरीत मावत असतील तोवर त्यांचा फ्रेमवर परिणाम नगण्य असतो आणि गेमचं रूप सर्वांत जास्त त्यांच्यावरच अवलंबून असतं. ४ जीबीच्या कार्डावर 'मीडियम', ८ जीबीवर १०८०पीला बहुतेक ठिकाणी 'हाय' चालतं. गर्दीची दाटी आणि दूरवरचं दृश्य या सेटिंग प्रोसेसरवर भार टाकतात, तेव्हा मागच्या पायरीत प्रोसेसर दोषी निघाला असेल तर आधी याच कमी करा.

त्यानंतर अपस्केलिंग. गेम आतल्या आत कमी रिझोल्यूशनवर रंगवला जातो आणि मग मोठा केला जातो. एनव्हिडियाचं डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं, आणि त्याच्या पहिल्या तीन पिढ्या जुन्या जीटीएक्सवर, अगदी ऑनबोर्ड ग्राफिक्सवरही चालतात. इंटेलचं एक्सईएसएसही इतरांच्या कार्डांवर चालतं. १०८०पीच्या मॉनिटरवर 'क्वालिटी'पर्यंत थांबा. 'परफॉर्मन्स'ला चित्र आतून ९६० × ५४० चं होतं आणि केस, तारा, झाडांची पानं थरथरायला लागतात. फ्रेम जनरेशनच्या (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालण्याच्या) जाहिरातीतला दुप्पट आकडा बघून भुलू नका. मूळ ५०-६० फ्रेम असतील तरच ते बरं वाटतं. मूळ २५ असतील तर आकडा ५० दिसतो, पण माउस हलवल्यावर बंदूक उशिराच वळते.

शेवटी फ्रेमवर मर्यादा घाला. यंत्र ४० ते ६० च्या मध्ये हेलकावे खात असेल तर गेम तुटक वाटतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर गोष्टीप्रधान गेमला ३० वर स्थिर ठेवलेलं डोळ्यांना जास्त बरं वाटतं, कारण प्रत्येक फ्रेम मोजून ३३.३ मिलिसेकंदांनी येते. जिथे ९० मिळतात तिथे ६० ची मर्यादा घातली तर लॅपटॉप लक्षणीय गार राहतो.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि खोलीच्या तापमानात पडलेली भर लॅपटॉपच्या आत जशीच्या तशी पोचते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. मागची बाजू इंचभर उचला. बांधकामाची धूळ आपल्याकडे सगळीकडे आहे, त्यामुळे वर्षातून एकदा ब्लोअरने जाळ्या साफ करा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो जास्त वेगाने फिरून बेअरिंग जातं. इंटेलच्या लॅपटॉपवर पॉवर प्लॅनमधली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केली की टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद होतो आणि तापमान झटकन उतरतं. प्रोसेसरचा वेग थोडा कमी होतो, पण तापून मध्येच कोसळण्यापेक्षा ते बरं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही करू नका. व्हॅलोरंटसारख्या गेमची अँटी-चीट प्रणाली विंडोजच्या गाभ्यात शिरते आणि कंपनीच्या आयटी विभागाच्या ते लगेच नजरेस येतं.

पाचवी पायरी: थोड्या पैशांची कामं

रॅमची दुसरी स्टिक ही ऑनबोर्ड ग्राफिक्सवाल्यांची सर्वांत फायद्याची खरेदी. त्याच प्रकारची, त्याच वेगाची घ्या. एकूण १६ जीबी करा. घेण्याआधी लॅपटॉपचं मॉडेल तपासा, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी भाव विचारूनच घ्या.

हार्ड डिस्कवर गेम असेल तर एसएसडी. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते, हार्ड डिस्क शंभर-दीडशेच्या आसपास. सायबरपंक २०७७ ने तर २०२३ मध्ये २.० अपडेटबरोबर किमान अटींमध्येच एसएसडी घातली. तीन-चार वर्षं जुन्या लॅपटॉपला नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) लावून घेणं हेही याच पायरीत.

हे झालं की तिसरी पायरी पुन्हा करा, तेच गेम आणि तेच दृश्य घेऊन. बऱ्याच जणांचा प्रवास इथे संपतो आणि तो चांगल्या ठिकाणी संपतो.

सहावी पायरी: कार्ड लागतंच आहे, तर कुठलं

१०८०पीच्या मॉनिटरसाठी ८ जीबीचं, साठच्या श्रेणीतलं (आरटीएक्स ५०६० सारखं मधल्या फळीतलं) कार्ड पुरतं. स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत वर्षानुवर्षं वरच्या जागा अशाच कार्डांनी धरल्या आहेत, आणि निम्म्याहून जास्त लोक १०८०पीवरच खेळतात. नव्यात आरएक्स ७६००, आरटीएक्स ५०६० या टप्प्यातलं बघा. पाच वर्षं टिकवायचं असेल तर १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं, पण त्याला मदरबोर्डवर रिसाइजेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ते मार खातं.

कार्डाच्या नावापेक्षा जास्त चुका आजूबाजूच्या गोष्टींत होतात. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बघा. जीटीएक्स १६५० च्या बहुतेक मॉडेलना ७५ वॉट स्लॉटमधूनच मिळतात, वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट आणि ८ पिनची जोडणी लागते. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉट. दोन्हींना ५५० वॉटचा नामांकित, ८० प्लस खूण असलेला एसएमपीएस चालतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ५०० लिहिलेलं असलं तरी त्याच्यावर कार्ड चढवू नका. भार आला की पीसी आपोआप बंद होतो, हे त्याचं नेहमीचं लक्षण.

कंपन्यांनी काढून टाकलेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप पुण्यात सहज मिळतात आणि शिकायला उत्तम असतात. त्यातल्या बुटक्या कॅबिनेटमध्ये मात्र फक्त लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड बसतं आणि एसएमपीएस त्या कंपनीचाच, दोन-अडीचशे वॉटचा असतो. तिथे जीटीएक्स १६५० चं लो प्रोफाइल मॉडेल किंवा ५३ वॉटचं आरएक्स ६४०० असे मोजकेच पर्याय उरतात.

पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या, लेनकडेही (माहितीच्या वाटांकडेही) लक्ष द्या. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी फक्त ४ लेन वापरतात. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असेल, जसं बी४५० बोर्ड, इंटेलची दहावी पिढी किंवा रायझन ५६००जी, तर मेमरी भरल्यावर ही कार्डं फार अडखळतात. बुटक्या कॅबिनेटची अडचण नसेल तर टाळा. जीटी ७१०, जीटी ७३० आणि जीटी १०३० गेमिंगसाठी घेऊच नका. जीटी १०३० ची तर दोन रूपं एकाच नावाने विकली गेली. जीडीडीआर५ वाल्याचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याचा जेमतेम १७.

गेमिंग लॅपटॉप घेणार असाल तर कार्डाच्या नावाबरोबर त्याचे वॉट विचारा. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपला कंपन्या ३५ पासून ११५ वॉटपर्यंत काहीही देऊ शकतात. नाव सारखं असलं तरी कामगिरीत मोठा फरक पडतो.

महागडं कार्ड कुणाला खरंच लागतं? ४के मॉनिटर असेल त्याला, कारण तिथे दर फ्रेमला ८२.९ लाख पिक्सेल असतात, १०८०पीच्या चौपट. १४४०पीवर नवे गेम १४४ फ्रेमने हवे असतील त्याला. पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचं सर्वांत जड रूप) किंवा व्हीआर करायचं असेल त्याला. आणि ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा तत्सम कामातून कार्ड स्वतःचे पैसे परत मिळवून देणार असेल त्याला. १४४ हर्ट्झचं आपल्याला वेड लागेल का, हे ताशी दराच्या गेमिंग कॅफेत दोन तास बसून आधी ठरवा. शहरात असे बरेच आहेत.

सातवी पायरी: सेकंडहँड घेताना

जीटीएक्स १० मालिका स्वस्त मिळते, पण ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने तिला नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं. आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. १६ मालिका आणि आरटीएक्स यांना तो नियम नाही. म्हणून जुन्यात आरएक्स ६६०० किंवा १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० शोधा.

कार्ड चालू यंत्रात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्डाची खरी माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडा. जुन्या कार्डाचं बायॉस बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे 'फेक' दाखवतं. आरएक्स ५८० घेताना शेडरची (कार्डातल्या आकडेमोड करणाऱ्या भागांची) संख्या बघा: पूर्ण कार्डात २३०४ असतात, २०४८ दिसले तर ती खालची आवृत्ती. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर ठिपके किंवा चौकोन उमटले तर उठून या. साधं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान) यांत २५ अंशांपेक्षा जास्त अंतर पडलं तर पेस्ट वाळली आहे. तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. पंख्याला कान लावा, घरघर क्रिप्टो मायनिंगमध्ये दिवसरात्र चालून झिजलेल्या कार्डाची असू शकते.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा कुठेही, जिथे वीज लावून बघता येत नाही, तिथे कार्ड घ्यायचं नाही. बिल मागा, आणि बिलावरचा सीरियल नंबर कार्डामागच्या स्टिकरशी जुळवा. वॉरंटी त्यावरच चालते.

वीज आणि यूपीएस

४५० वॉट खेचणारा पीसी रोज तीन तास चालला तर महिन्याला ४० युनिट होतात, १५० वॉटचा चालला तर साडेतेरा. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांच्या पुढे चढतो, त्यामुळे भाड्याच्या खोलीत हा फरक बिलावर दिसतो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच देतो. कार्ड बसवल्यावर गेम चालू असताना वीज गेली तर तो पीसी सांभाळण्याऐवजी स्वतःच बंद पडतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर कार्डाच्या हिशेबात निदान ११०० व्हीएचा यूपीएस आधीच धरा.